घासकामातून मानवाकृती: अतिवास्तववादी लिनोकट योग्य क्रमाने कसे करावे

अतिवास्तववादी मुद्राचित्र करायला बसलेले बहुतेक जण आधी कल्पना ठरवून टाकतात. माशाचे डोके असलेली स्त्री, छातीत दार असलेला पुरुष, डोळ्यातून उगवलेले झाड असे काहीतरी मनात पक्के होते, ते लिनोवर (कोरून छापण्यासाठीच्या लिनोलियमच्या शीटवर) उतरवले जाते आणि उरलेल्या मोकळ्या जागेत शेवटी शंखशिंपल्यांचे पोत भरले जातात. असे चित्र विचित्र दिसते, पण पाहणाऱ्याला अडवून धरत नाही, कारण त्यातले सगळे काही काम सुरू होण्याआधीच ठरलेले असते. क्रम नेमका उलटा हवा. आधी योगायोगाने हाती लागतील ते ठसे गोळा करायचे, मग त्यांत शरीर शोधायचे, ते शरीर प्रत्यक्ष माणसाकडे पाहून काढलेल्या अवयवाच्या आधाराने उभे करायचे आणि कोरणी सर्वांत शेवटी हातात घ्यायची.

दुसरी अडचण हवेची आहे. पुस्तकांत दिलेल्या शाई वाळण्याच्या आणि कागद ओलावण्याच्या वेळा बहुधा कोरड्या, थंड हवामानाच्या असतात. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोठेही त्या जशाच्या तशा पाळल्या, तर शाई ओली राहते, कागदावर बुरशीचे ठिपके उठतात आणि कोरण्या गंजतात. पुढील कृती किनाऱ्यावरच्या घरात, प्रेसशिवाय, हाताने छापणाऱ्यांसाठी लिहिली आहे. साधे लिनोकट एकदा तरी केलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे.

टप्पा १: हंगाम आणि साहित्य

पावसाळ्यात घासकामाला (खडबडीत वस्तूंवर कागद ठेवून त्यांचे ठसे घ्यायला) बाहेर पडणे कठीण असते आणि हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असल्यामुळे तैलशाई फार हळू वाळते. म्हणून पावसाळा रेखाटनासाठी आणि कोरण्यासाठी ठेवावा, घासकाम व छपाई नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावी. एप्रिल-मेमध्ये छापता येते, मात्र उष्म्याने शाई पातळ होते. त्यावरचा उपाय पुढे दिला आहे.

साहित्य मोजकेच लागते: सुमारे ३ मिलिमीटर जाडीची लिनोची शीट, एक बारीक व्ही कोरणी, एक अरुंद आणि एक रुंद यू कोरणी, रबरी रोलर, जाड काचेचा तुकडा, काळी तैलशाई, ६बी पेन्सिल किंवा ग्रॅफाइटची कांडी, पातळ कागद, ट्रेसिंग पेपर आणि दाब देण्यासाठी लाकडी डाव. ऑफसेट छपाईची काळी शाई चालते आणि छापखान्यांच्या पुरवठादारांकडे ती सहज मिळते. डावाऐवजी करवंटीचा बाहेरून घासून गुळगुळीत केलेला तुकडा वापरला, तर त्याची नैसर्गिक गोलाई बारीक जागी डावापेक्षा चांगला दाब देते.

कागदाची निवड हलक्यात घेऊ नये. हाताने छापताना ६० ते १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), लांब तंतूंचा, मऊ कागद हवा. नेपाळी कागद किंवा पातळ हातकागद उत्तम. चित्रकलेचा २०० जीएसएमचा जाड कागद प्रेसखाली चांगला छापतो, पण डावाच्या दाबाने त्यावर काळ्या भागात पांढरे कण राहतात. तो दोष शाईचा समजून लोक शाई वाढवत जातात आणि मग बारीक रेषाही भरून जातात.

सावधान: कोरण्यांना गंज चढू नये म्हणून खोबरेलाचा हात लावून ठेवणे योग्य आहे, पण शाई पातळ करण्यासाठी खोबरेल कधीही वापरू नये. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, खोबरेल तसे होत नाही. ते मिसळलेली शाई महिनाभरानेही बोटाला लागते.

टप्पा २: घासकाम

पातळ कागद एखाद्या खडबडीत पृष्ठभागावर ठेवून वरून ग्रॅफाइट फिरवले की खालचा पोत कागदावर उमटतो. यालाच फ्रोताज म्हणतात. अतिवास्तववादी चित्रकार माक्स एर्न्स्टने १९२५ मध्ये फ्रान्सच्या समुद्रकाठी पोर्निक येथे जमिनीच्या झिजलेल्या फळ्यांवर कागद टाकून हे तंत्र चित्रासाठी वापरायला सुरुवात केली. त्याने कागद जागा न निवडता टाकले, हा त्या कृतीतला महत्त्वाचा भाग आहे. सुंदर पोत निवडून घेतला की ते नक्षीकाम होते.

किनाऱ्यावर पृष्ठभागांची कमतरता नाही. ओढून ठेवलेल्या होडीची उन्हाने तडकलेली फळी, काथ्याची दोरी, सुपाची वीण, रोवळीचा तळ, सुरूची साल, झावळीच्या बुंध्याजवळची जाळीदार साल, कालवांची टरफले हे सारे चालते. जांभ्याकडे विशेष लक्ष द्यावे. यंत्राने नुकत्याच कापलेल्या चिऱ्यावर पात्याच्या समांतर रेघा असतात आणि त्यांच्या मधून दगडाची भोके डोकावतात. घासल्यावर ते शिवण घातलेल्या कातडीसारखे दिसते. जुन्या गडग्याच्या, अनेक पावसांनी धुतलेल्या चिऱ्यावर रेघा उरलेल्या नसतात, भोकांच्या कडा गोल झालेल्या असतात आणि ठशात काळ्या-पांढऱ्याचे मोठे पुंजके पडतात. एकाच दगडाचे हे दोन ठसे शरीरात वेगवेगळ्या जागी उपयोगी पडतात: पहिला ताणलेल्या पाठीला, दुसरा मांडी किंवा पोटासारख्या जड भागाला.

कृती अशी. ४० ते ६० जीएसएमचा कागद घ्यावा, तो चिमट्यांनी किंवा चिकटपट्टीने पक्का बसवावा आणि कांडी आडवी धरून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवावी. पेन्सिलचे टोक वापरू नये, टोकाने पोत उमटत नाही, कागद मात्र फाटतो. पहाटेच्या दवात कागद मऊ पडतो, म्हणून ऊन वर आल्यावरच काम सुरू करावे. ठसा कशाचा घेतला ते मागच्या बाजूला लिहावे, पुढे कधीच लिहू नये. पुढे ‘होडी’ असे लिहिलेल्या कागदात पुढच्या टप्प्यात होडीच दिसत राहते. पंधरा-वीस कागद जमेपर्यंत एकालाही चित्र समजून पाहू नये.

सावधान: रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कातळशिल्पांवर (जांभ्याच्या कातळात कोरलेल्या प्राचीन आकृत्यांवर) कागद ठेवून घासू नये. बारसूच्या सड्यावर दोन प्राण्यांच्या मधे उभी असलेली मानवाकृती पाहून हा मोह कोणालाही होईल, पण जांभ्याचा पृष्ठभाग घर्षणाने झिजतो आणि तेथील रेषा पुन्हा कोरता येण्यासारख्या नाहीत. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली आहेत. तेथे शिल्पाच्या बाहेर बसून वहीत रेखाटन करावे. शिल्पावर पायही ठेवू नये.

तपासणी: ठसा हाताच्या अंतरावर धरून डोळे किलकिले करावेत. काळे आणि पांढरे भाग वेगळे दिसले तर ठसा उपयोगाचा आहे. सगळा कागद एकसारखा राखाडी दिसत असेल तर तो बाजूला ठेवावा, कारण लिनोला राखाडी माहीत नसते.

टप्पा ३: प्रत्यक्ष माणसाचे रेखाटन

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. ‘चित्र अतिवास्तव आहे, मग शरीररचना कशाला?’ असे विचारले जाते. उत्तर सरळ आहे: एखादा अवयव पाहणाऱ्याला पूर्ण खरा वाटला, तरच शेजारचा अशक्य अवयव त्याला अस्वस्थ करतो. दोन्ही अंदाजाने काढले तर दोन्ही खोटे वाटतात.

किनाऱ्यावर रेखाटनासाठी रापण (किनाऱ्यावरून दोरीने ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांइतकी चांगली संधी दुसरी नाही. तीच हालचाल पुन्हा पुन्हा होते, त्यामुळे अपुरी रेषा पुढच्या ओढीला पूर्ण करता येते. आधी रापणकरांना विचारावे, त्यांच्या वाटेत बसू नये आणि चेहरे ओळखू येतील असे काढू नयेत. एक-दोन मिनिटांची पंधरा रेखाटने एका तासाच्या एका रेखाटनापेक्षा अधिक शिकवतात.

पाहायचे आहे ते वजन. स्थिर उभ्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून लंब सोडला, तर तो वजन पेलणाऱ्या पायाजवळ पडतो. एका पायावर भार असेल तर तो लंब त्याच पायाच्या घोट्याशी येतो, त्या बाजूचा खुबा वर जातो आणि खांदा खाली येतो. रापण ओढणाऱ्याचे तसे नसते. तो मागे रेललेला असतो, टाचा वाळूत रुतलेल्या असतात आणि शरीराचा भार पावलांच्या मागे पडतो. तो मागे कोसळत नाही, कारण दोरीचा ताण त्याला पुढे धरून ठेवतो. आता चित्रातून फक्त दोरी काढून टाकावी. शरीर जसेच्या तसे ठेवूनही ते अशक्य होते. मला अतिवास्तव आकृतीचा सर्वांत प्रामाणिक मार्ग हाच वाटतो: शरीरातले काही न बिघडवता त्याला पेलणारी वस्तू काढून घेणे.

या रेखाटनांसोबत एक हात आणि एक पाऊल निवांतपणे, अर्धा-एक तास बसून काढावे. घरातल्या कोणाचेही चालेल. हातात अंगठा कोठून सुरू होतो ते नीट पाहावे. त्याचे मूळ मनगटाजवळ असते, तर बहुतेक चित्रांत तो तळव्याच्या मध्यावरून फुटतो.

टप्पा ४: ठशांत शरीर शोधणे आणि जोडणे

घासकामाचे कागद निदान दोन दिवस बाजूला ठेवून मग भिंतीवर लावावेत. प्रत्येक कागद चारही दिशांनी फिरवून पाहावा. पहिल्यांदा दिसतात ते चेहरे, कारण दोन भोके आणि एक रेघ दिसली की आपली नजर तेथे तोंड बनवते. ते चेहरे सोडून द्यावेत. पाठीचा कणा, खांद्यांचा उतार आणि कमरेचा कल अशा तीन रेषा कोठे सापडतात ते शोधावे. सापडल्या की ठशावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त त्या तीन रेषा काढाव्यात. मूळ ठशावर काहीही रेखाटू नये.

आता रेखाटनवहीतली शरीराची एखादी ठेवण त्या तीन रेषांशी जुळते का ते पाहावे. जुळली की शरीराचा कोणता भाग ठशातून येईल आणि कोणता वहीतून, ते ठरवावे. यासाठी मी दोन नियम काटेकोरपणे पाळायला सांगते.

पहिला नियम, बदल सांध्यावर करावा. मान, खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा येथे शरीर वळते, म्हणून तेथे दुसरी वस्तू जोडली तर ती शरीराची हालचाल पुढे नेते. मांडीच्या मधोमध साल जोडली तर ती चिकटवलेली दिसते. गुडघ्यापासून खाली जोडली तर तो पाय होतो.

दुसरा नियम, जोडावर दोन्ही बाजूंच्या रेषांची जाडी आणि अंतर सारखे असावे. एर्न्स्टने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोलाजमालिकेत एकोणिसाव्या शतकातल्या लाकूडकोरीव छापचित्रांचे तुकडे कापून माणसांच्या धडांवर पक्ष्यांची डोकी बसवली. तो जोड दिसत नाही, कारण कोट आणि पिसे दोन्ही एकाच पद्धतीच्या समांतर रेघांनी कोरलेली आहेत. लिनोवरही तसेच करावे. वहीतल्या दंडाची छटा जांभ्याच्या ठशात आहेत तेवढ्याच जाडीच्या रेघांनी दाखवली की खांद्यावरचा जोड लपतो.

शरीराचा एक तृतीयांशाहून अधिक भाग बदलू नये. डोके शिंपल्याचे, हात मुळांचे, पाय दोरीचे असे सगळेच बदलले की माणूस उरत नाही आणि त्याच्याबद्दल काही वाटणेही संपते.

कोणत्याही ठशात शरीर सापडत नसेल तर अतिवास्तववाद्यांचा १९२० च्या दशकातला घडीचा खेळ खेळावा. कागद दुमडून त्याचे तीन भाग करून तिघांनी अनुक्रमे डोके-मान, धड आणि पाय काढावेत, एकमेकांचे पाहू नये; प्रत्येकाने घडीपलीकडे दोनच लहान खुणा सोडाव्यात. पुढच्याने त्या खुणांपासून सुरुवात करायची. जोडावर रुंदी जमली नाही तर ती दुरुस्त करू नये.

टप्पा ५: लिनोवर उतरवणे

लिनोचा पृष्ठभाग ४०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पाण्यासोबत हलका घासावा, पुसून वाळवावा आणि त्यावर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा अगदी पातळ हात द्यावा. पांढऱ्यावर ग्रॅफाइट स्पष्ट दिसते.

छपाईत चित्र उलटे होते, हे ठाऊक असूनही चूक होते ती येथेच. घासकामाचा कागद ग्रॅफाइटची बाजू खाली करून लिनोवर ठेवावा आणि मागून डावाने दाबत घासावे. ग्रॅफाइट लिनोवर उतरते, चित्र एकदा उलटते, छापताना पुन्हा उलटते आणि छापात मूळ दिशा परत येते. वहीतल्या रेखाटनाचे भागही ट्रेसिंग पेपरवर ६बी पेन्सिलने काढून याच पद्धतीने उतरवावेत. काही जण ठसा पालथा घालतात आणि हात मात्र कार्बन पेपरने सुलटा गिरवतात. मग उजव्या खांद्याला डावा हात येतो. ठशांवर फिक्सेटिव्ह (ग्रॅफाइट पक्के करणारा फवारा) मारले असेल तर ग्रॅफाइट उतरणार नाही, म्हणून या टप्प्यापर्यंत ते मारू नये.

उतरवलेल्या खुणांवर जे काळे राहणार आहे तेवढेच वॉटरप्रूफ काळ्या शाईने भरावे. ठशातला प्रत्येक ठिपका ठेवण्याचा आग्रह नको. कोरणीच्या टोकापेक्षा लहान ठिपके एक तर सोडून द्यावेत किंवा शेजारच्यांत मिळवून टाकावेत.

तपासणी: लिनो आरशासमोर धरावे. आरशात दिसते तेच छापात दिसणार आहे. दोन्ही अंगठे योग्य बाजूला आहेत का ते पाहावे.

टप्पा ६: कोरणे

थंडीत किंवा जुनी झाल्यावर लिनो कडक होते. पाच-दहा मिनिटे उन्हात ठेवल्यास ती मऊ पडते. जास्त वेळ ठेवल्यास वाकते. बाकीचे नियम नेहमीचेच आहेत: दुसरा हात नेहमी कोरणीच्या मागे, वळण घेताना कोरणी स्थिर ठेवून लिनो फिरवावी, काठ सरळ खाली न कापता बाहेरच्या बाजूला उतरता ठेवावा.

क्रम मात्र पाळावा. प्रथम वहीतून आलेला हात किंवा पाऊल कोरावे, कारण त्याला चुकीची मुभा नाही आणि त्या वेळी हात थकलेला नसतो. मग जोड, मग ठशाचा पोत आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. मोकळी जागा अर्ध्यापेक्षा खोल कोरू नये, खालची तागाची जाळी उघडी पडते.

तपासणी: शाई लावण्याआधी कोरलेल्या लिनोवर पातळ कागद ठेवून त्याचेच घासकाम घ्यावे. कोणती रेषा राहिली आहे आणि कोठे जास्त कोरायला हवे, ते या कोरड्या ठशात कळते आणि लिनो धुवावे लागत नाही. हा ठसा उलटा असतो, एवढे लक्षात ठेवावे.

टप्पा ७: शाई आणि प्रूफ

काचेवर चमचाभर शाई घेऊन पात्याने मळावी. एप्रिल-मेमध्ये ती वाहू लागली तर चिमूट-चिमूट मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळून घट्ट करावी. दमट हवेत वाळवणीसाठी कोबाल्ट ड्रायरचे एक-दोन थेंब पुरतात. ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि थेंब वाढवू नयेत, नाहीतर रोलरवरच साय धरते.

रोलर फिरवताना कान द्यावा. शाईचा थर योग्य असेल तर बारीक, सलग चरचर ऐकू येते आणि काचेवरची शाई मखमलीसारखी मंद दिसते. चिकट चटचट आवाज आला आणि पृष्ठभागावर उंचवटे दिसले तर शाई जास्त आहे. लिनोवर एका वेळी भरपूर शाई न लावता पातळ थर चार-पाच वेळा, वेगवेगळ्या दिशांनी द्यावा.

पहिले एक-दोन छाप फिके येतात, ते गृहीत धरावे. तिसऱ्या प्रूफावर (चाचणीच्या छापावर) निर्णय घ्यावा. प्रूफ भिंतीवर लावून एक दिवस पाहावे आणि दोनच प्रश्न विचारावेत: आधी नजर कोठे जाते, आणि शरीराचे वजन कोठे आहे? नजर पोतावर जाऊन तेथेच राहत असेल तर पोतातले काही काळे ठिपके काढून टाकावेत. वजन कळत नसेल तर आधाराच्या पावलाखाली काळ्याचा एक पट्टा असायला हवा होता. कोरलेले परत भरता येत नाही, म्हणून पार्श्वभूमी शेवटी कोरायला सांगितली आहे. प्रूफ येईपर्यंत तिचा काही भाग न कोरता ठेवणे उत्तम.

टप्पा ८: छपाई

पुठ्ठ्यावर लिनोची आणि कागदाची जागा आखून घ्यावी, म्हणजे प्रत्येक प्रत सरळ येते. कागद शाईवर सोडल्यावर हलवू नये. आधी तळहाताने बसवावा, मग मध्यापासून कडेकडे लहान गोलाकार फेऱ्यांत डाव फिरवावा. पातळ कागदातून काळे भाग मागून दिसू लागतात, तेच दाब पुरेसा झाल्याचे चिन्ह. एक कोपरा दाबून धरून दुसरा उचलून पाहावा. फिके असेल तर परत बसवून तेवढ्याच जागी दाब द्यावा.

सावधान: जवसाचे तेल किंवा तैलशाई पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती साचून चिंधी आपोआप पेटू शकते. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून मग टाकाव्यात.

लिनो खोबरेलाने किंवा गोडेतेलाने पुसता येते, पण त्यानंतर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलीच पाहिजे. उरलेले तेल पुढच्या शाईत मिसळले की पहिल्या टप्प्यात सांगितलेला त्रास सुरू होतो.

टप्पा ९: वाळवणे, क्रमांक आणि साठवण

प्रती दोरीवर चिमट्यांनी, घराच्या आत, एकमेकींना न चिकटता टांगाव्यात. पंखा सुरू ठेवावा, मात्र झोत थेट कागदावर नको. हिवाळ्यात आठवडाभर, दमट दिवसांत त्याच्या दुप्पट वेळ धरावा. कोऱ्या कागदाचा तुकडा काळ्या भागावर दाबून उचलावा. त्यावर डाग उमटत नसेल तरच प्रती एकावर एक ठेवाव्यात.

सही आणि क्रमांक पेन्सिलने, छापाच्या खाली. डावीकडे ३/१० (दहा प्रतींपैकी तिसरी) असा क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि साल. शाईच्या पेनने सही केली तर ओलाव्याने ती पसरते. आवृत्ती पूर्ण होईपर्यंत प्रूफे फेकू नयेत. कोणता काळा भाग का काढला याची तीच नोंद असते.

साठवताना प्रत्येक दोन प्रतींमध्ये आम्लविरहित पातळ कागद घालावा आणि गठ्ठा सपाट पेटीत, भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून उंच ठेवावा. पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून त्या पावसाळ्याच्या आधी उन्हात किंवा मंद आचेवर तापवून कोरड्या कराव्यात. नागपंचमीच्या सुमारास एखाद्या उघडिपीच्या दिवशी पेटी उघडून प्रती तासभर मोकळ्या हवेत पसराव्यात, ऊन लागू देऊ नये, आणि कडांवर पिवळसर ठिपके दिसले तर ती प्रत त्याच वेळी बाकीच्यांपासून वेगळी करावी.